पूर्व दिशेचे देणे



आषाढी पौर्णिमा झाली आणि वर्षावास सुरू झाला. आता आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने आपल्या विहारात संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालेल. शाळाही याच दिवसांत नुकत्या उघडलेल्या असतात. त्यामुळे विहारात येणाऱ्या आयाबहिणींच्या पिशवीत वंदनेच्या पुस्तकाबरोबर लेकरांच्या दाखल्याचे कागदही असतात. गेल्या रविवारी वंदना आटोपल्यावर अशीच एक उपासिका मागे थांबली. मातंग समाजातून आलेले हे कुटुंब. गेल्या अशोक विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर नवराबायकोने दीक्षा घेतली. मुलगी यंदा पहिलीत जाणार. कागद पुढे करून ती म्हणाली, "सर, पोरीच्या फॉर्मवर धर्म काय लिहू? भावकीतले म्हणतात, बौद्ध लिहिलंस की पोरीच्या सवलती गेल्या. आमची दीक्षा पोरीच्या मुळावर आली का?"

तिला तिथेच उत्तर दिले, पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. हा प्रश्न एकट्या तिचा नाही. म्हणून आजचे प्रवचन त्यावरच करतो.

अगोदर कागदाचे सांगतो. १९५० साली अनुसूचित जातींचा जो आदेश निघाला त्यात मुख्यतः हिंदू धर्मीयांना स्थान होते. १९५६ साली शिखांना त्यात घेतले. बौद्धांना घेतले ते १९९० साली. महाराष्ट्र राज्याने नवबौद्धांना आपल्यापुरत्या सवलती त्याआधीच दिल्या होत्या, परंतु केंद्राचे दार बंद होते. नागपूरच्या १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात परमपूज्य बाबासाहेबांनी सवलतींच्या भीतीचा उल्लेख केलेला आहे. हे हक्क आपणच मिळवून दिले आणि पुन्हा मिळवून देऊ शकू, असा धीर त्यांनी दिला होता. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ते दार उघडायला चौतीस वर्षे लागली. त्या चौतीस वर्षांत कित्येक घरांत दोन धर्म नांदले, एक घरातल्या भिंतीवर आणि दुसरा शाळेच्या कागदावर. त्या आईबापांना नावे ठेवणे सोपे आहे. मी ठेवणार नाही. त्यांच्यापुढे लेकराची फी उभी होती.

आज ती अडचण नाही. कोणत्याही अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्या कुटुंबाच्या लेकराचा अनुसूचित जातीचा हक्क दीक्षेने जात नाही. धर्माच्या रकान्यात निर्भयपणे 'बौद्ध' लिहावे. मात्र जातीच्या रकान्यात मूळ जात लिहावी. काही बाप अभिमानाने दोन्ही रकान्यांत 'बौद्ध' लिहितात. त्यांचा अभिमान मला कळतो. पण तीच मुलगी बारावीला गेली आणि जात पडताळणी समितीपुढे उभी राहिली की १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. मग आजोबांच्या शाळेचे जुने रजिस्टर धुंडाळा, कोतवाल बुकाची नक्कल काढा, अशी वणवण सुरू होते. शाळेच्या जनरल रजिस्टरात पहिल्या दिवशी जे लिहिले जाते ते जन्मभर पाठीमागे येते, आणि शाळा सुटल्यावर त्यातील एक अक्षर बदलणेही फार जड जाते.

तुम्ही म्हणाल, जो शब्द टाकून आलो तोच पुन्हा लेकराच्या नावापुढे आपल्या हाताने लिहायचा? मी शिक्षक आहे. दर जून महिन्यात मी तो रकाना भरतो आणि दरवेळी माझा हात अडखळतो. पण मी मनाशी असा विचार करतो की तो शब्द आपली ओळख म्हणून आपण लिहीत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या लेकरांना अक्षर मिळू दिले नाही त्यांचे देणे या राज्यसंस्थेकडे बाकी आहे, त्या देण्याची ती नोंद आहे. उपासकाने देणेही लपवू नये आणि येणेही सोडू नये.

आता देण्याचा शब्द निघालाच आहे, तर सिगाल या गृहपतीपुत्राची कथा ऐका. राजगृहाची ती गोष्ट. हा तरुण पहाटे उठून न्हाऊन, ओल्या वस्त्रांनिशी सहा दिशांना हात जोडत उभा होता. तथागतांनी त्याला विचारले, हे काय करतोस? तो म्हणाला, मरताना वडिलांनी सांगितले म्हणून करतो. भगवंतांनी त्याची टिंगल केली नाही. त्यांनी त्या दिशांचा अर्थच बदलून टाकला. पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे नोकर-मजूर आणि वरची म्हणजे श्रमण. या माणसांशी नीट वागणे हीच त्या दिशांची पूजा.

पूर्व दिशेविषयी भगवंत जे बोलले ते प्रत्येक आईबापाने ध्यानात घ्यावे. आपल्या जुन्या घरांत हिशेबाची वही एकतर्फी होती. लेकराने आईबापाचे पांग फेडायचे. जन्म दिला हेच एवढे मोठे ऋण की पोर आयुष्यभर ते फेडीत राही. पितरांच्या ऋणातून सुटायचे म्हणून मुलगा हवा, मुलगा होईपर्यंत मुली होऊ द्यायच्या, आणि त्या मुली चुलीपुढे. भगवंतांनी मुलांची कर्तव्ये सांगितलीच, पाच सांगितली. पण तिथे थांबले नाहीत. दुसरी वही उघडून त्यांनी आईबापांनी मुलांचे काय लागावे हेही पाच कलमांत सांगितले. पापापासून आवरावे. चांगल्याकडे वळवावे. विद्या, शिल्प शिकवावे. योग्य जोडीदार पाहून द्यावा. आणि योग्य वेळी वारसा हाती सोपवावा.

जोडीदाराविषयी फार बोलत नाही. मुलीचे अठरा आणि मुलाचे एकवीस पूर्ण झाल्याशिवाय लग्न लावणे हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि विहारात मंगल परिणय लावून देणाऱ्या बौद्धाचार्यांनी आधी जन्मदाखला पाहावा, एवढेच म्हणतो. मला रेंगाळायचे आहे ते पहिल्या आणि तिसऱ्या कलमापाशी. कारण पहिल्याचा आपण भलताच अर्थ करतो आणि तिसरे आपण शाळेवर टाकून मोकळे होतो.

पापापासून आवरावे म्हणजे काय? आपल्याकडे त्याचा अर्थ छडी. शाळेत पोराला घालताना बाप हात जोडून म्हणतो, "गुरुजी, मारा, फोडून काढा, फक्त हाडं तेवढी शिल्लक ठेवा." यात त्याचे प्रेमच असते. आपण शिकलो नाही, पोराने शिकावे, या तळमळीला दुसरा शब्द त्याला सापडत नाही. परंतु भगवंतांनी स्वतःच्या मुलाला कसे आवरले ते पाहा.

राहुल तेव्हा अंबलट्ठिकेत राहत होता. लहान मुलगा, संघात नवीन. सात वर्षांचा असावा असे परंपरा सांगते. एके संध्याकाळी भगवंत त्याच्याकडे गेले. राहुलाने आसन मांडले, पाय धुवायला पाणी ठेवले. पाय धुतल्यावर भांड्यात थोडेसे पाणी उरवून भगवंतांनी विचारले, हे थोडेसे उरलेले पाणी दिसते ना? जाणूनबुजून खोटे बोलायची ज्याला लाज वाटत नाही त्याचे श्रमणपण एवढेसेच असते. मग ते पाणी त्यांनी फेकून दिले, भांडे पालथे केले, पुन्हा उलथे करून रिकामे दाखविले, आणि प्रत्येक वेळी तीच गोष्ट सांगितली. नंतर विचारले, राहुला, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, भगवन्. तसेच प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर पाहावे. याने मला, दुसऱ्याला त्रास होईल का? होणार असेल तर करू नये. झालाच असेल तर जाणत्यापुढे उघड करावे आणि पुढे सावध राहावे.

मोठा आवाज नाही, हात उगारणे नाही. एक भांडे, थोडे पाणी आणि मुलाला विचारलेले प्रश्न. सम्राट अशोकाला हा उपदेश इतका मोलाचा वाटला की बैराटच्या शिलालेखात जे धम्मग्रंथ भिक्षु-भिक्षुणींनी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत म्हणून त्याने सांगितले, त्यांत राहुलाला खोटे बोलण्याविषयी केलेल्या या उपदेशाचे नाव आहे.

आता माझीच एक गोष्ट सांगतो. सांगायला बरे वाटत नाही, पण भगवंतांनीच उघड करायला सांगितले आहे.

तीन वर्षांपूर्वी, खुरपणीच्या दिवसांत, माझ्या वर्गातला चौथीचा एक मुलगा आठवड्यातून दोन-दोन दिवस गैरहजर राहू लागला. विचारले की म्हणे, ताप होता. पुन्हा विचारले, पुन्हा ताप. तिसऱ्या वेळी वर्गातलीच पोरे ओरडली, "सर, खोटं बोलतो, काल ओढ्यावर होता." माझा हात उठला आणि त्याच्या गालावर बसला. खोटे बोलतोस म्हणून मारले. दुपारी त्याच्या शेजारच्या मुलीने सांगितले, सर, तो बहिणीला घेऊन बसला होता. बाप वीटभट्टीवर दुसऱ्या तालुक्यात, आई रोज खुरपायला, बहीण दोन वर्षांची. आणि पहिल्या दिवशी त्याने मला खरेच सांगितले होते. मीच तेव्हा म्हणालो होतो, "पोरी सांभाळायला शाळा बुडवतोस? मग घरीच बस." सगळा वर्ग हसला होता. मी ते विसरलो होतो, तो विसरला नव्हता. तापाची सबब त्या हसण्यातून निघाली होती.

त्याच संध्याकाळी विहारात राहुलोवाद वाचण्याची पाळी माझी होती. भांड्यापर्यंत वाचले. आरशापाशी आलो आणि पुढचे शब्द मला वाचवेनात. शेजारी बसलेल्या उपासकांनी पुस्तक घेतले आणि पुढचे वाचले. दुसऱ्या दिवशी वर्गापुढे त्या मुलाची क्षमा मागितली. तो काही बोलला नाही. चार-पाच दिवस माझ्याकडे बघतही नव्हता, आणि ते त्याचे बरोबरच होते.

२००९ च्या बालकांच्या शिक्षण हक्क कायद्यात कलम १७ आहे. मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि मानसिक छळही करायचा नाही. बी.एड.ला हे कलम मी पाठ केले होते, परीक्षेत लिहून गुणही मिळविले होते. त्या दिवशी मी कायदा मोडला आणि शीलही मोडले. तेव्हा यापुढे कोणी बाप "फोडून काढा" म्हणाला तर मी त्याला सांगतो, दादा, तसा अधिकार तुम्हालाच नाही, मला कुठून देता?

आणि चौथे शील घरात कसे मोडते तेही पाहा. दुकानदार उधारी मागायला आला की आपणच पोराला दाराशी पाठवितो, सांग बाबा घरी नाहीत. संध्याकाळी त्याच पोराला पंचशील म्हणायला लावतो. नवी दीक्षा घेतलेल्या घरांत आणखी एक गोष्ट दिसते. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि पाळण्यातल्या लेकराच्या कमरेला काळा धागा, कपाळाला नजरेचा टिळा. ताप आला की आधी देवर्षी, मग डॉक्टर. तसा उपचार करून डॉक्टरकडे जाऊ न देणे हा महाराष्ट्रात २०१३ पासून गुन्हा आहे. आणि हळूच सांगतो, परित्राणाच्या पांढऱ्या सुताचाही आपण नवा काळा धागा करू नये. लेकराला लस वेळेवर टोचून घ्या, ते रक्षण पुष्कळ मोठे आहे.

आता तिसरे कलम, विद्या. याची सुरुवात मी पुन्हा राहुलापासूनच करतो, पण वेगळ्या प्रसंगाने.

बुद्धत्व मिळाल्यावर भगवंत कपिलवस्तूला आले तेव्हा यशोधरेने राहुलाला पाठविले, जा, बापाकडे वारसा माग. राहुल मागे मागे गेला आणि मागू लागला. भगवंतांनी सारिपुत्तांकरवी त्याला प्रव्रज्या दिली. शुद्धोदन राजाला हे कळले तेव्हा त्याचे काळीज फाटले. मुलगा गेला, नंद गेला, आता नातूही गेला. तो भगवंतांकडे आला आणि म्हणाला, पुत्रप्रेम कातडी कापून मांसात, मांसातून हाडांत आणि हाडांच्या मज्जेपर्यंत जाते. यापुढे आईबापांच्या संमतीवाचून कोणा मुलाला प्रव्रज्या देऊ नये. भगवंतांनी ते ऐकले आणि तसा नियम केला. आजही संघात तो नियम आहे.

बंधूंनो, यात फार मोठी गोष्ट आहे. सम्यक संबुद्धांच्या संघातसुद्धा मुलांविषयीचा नियम झाला तो एका घरच्या माणसाने उठून आपले दुःख बोलून दाखविले म्हणून. शुद्धोदन घरात रडत बसला असता तर त्याचे दुःख घरातच राहिले असते.

आपल्या देशातही लेकरांसाठी जे काही झाले ते असेच झाले. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. शेतकरी-शूद्रांच्या करावर वरच्या वर्गाची उच्च शिक्षणे चालतात, निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी. १९१७ साली कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात कामगार बायांना बाळंतपणात विश्रांती आणि भत्ता देणारे बिल आले. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. आईला विसावा मिळणे हे देशाच्या हिताचे आहे आणि त्याचा काही भार सरकारनेही उचलावा, असे त्यांचे म्हणणे. दोनच वर्षांपूर्वी, १९२६ च्या जुलैत, त्यांचा राजरत्न गेला होता. रमाई आणि बाबासाहेबांची चार लेकरे अशी गेली. चार लेकरे गमावलेला बाप तिथे उभा राहून परक्यांच्या न जन्मलेल्या लेकरांसाठी बोलत होता, हे वाचताना ध्यानात ठेवा. १९२९ साली तो कायदा झाला. २०१७ साली ही रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची झाली. पण ती नोकरीतल्या बाईला. खुरपणाऱ्या बाईला कोणती रजा? ते अजून कोणी तितक्या जोराने मागितलेले नाही.

संविधानाने १९५० साली दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना शिक्षण देण्याचे ठरविले होते. १९६० उलटले, काही झाले नाही. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, आणि त्याच दुरुस्तीने लेकराला शिकण्याची संधी देणे हे आईबापांचे मूलभूत कर्तव्य झाले. एकाच दुरुस्तीत दोन्ही वह्या, सिगालाला सांगितल्या तशा. १ एप्रिल २०१० पासून कायदा लागू झाला. जोतीरावांच्या निवेदनापासून मोजा, एकशे अठ्ठावीस वर्षे.

या कायद्यात आपल्या उपयोगाचे पुष्कळ आहे, आणि आपल्याला त्यातले थोडेच ठाऊक असते. जन्माचा दाखला नाही म्हणून पहिलीत प्रवेश नाकारता येत नाही. वर्ष सुरू झाल्यावर आलात म्हणूनही नाकारता येत नाही. ऊसतोडीला गेलेले कुटुंब अर्ध्या वर्षात परत आले आणि हातात दुसऱ्या शाळेचा दाखला नसला तरी मुलाला बसवून घेतलेच पाहिजे. पोराचे वय दहा असेल आणि कधी शाळेत गेलेच नसेल तर त्याला वयानुसार वर्गात घेऊन मागचा अभ्यास भरून काढायचा, हे शाळेचे काम. आठवी पूर्ण होईपर्यंत कोणाला शाळेतून काढता येत नाही. खाजगी विनाअनुदानित शाळांतही सुरुवातीच्या वर्गात पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांच्या मुलांसाठी आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्याने नियम बदलून, जवळ एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला यातून सूट दिली. पालक उच्च न्यायालयात गेले. जुलैमध्ये तो बदल रद्द झाला, सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. तेही शुद्धोदनच.

पण न्यायालय दूर आहे. आपल्या गावातच एक जागा आहे, तिच्याकडे आपले लक्ष नाही. ती शाळा व्यवस्थापन समिती. कायदा म्हणतो की या समितीत निदान पाऊण भाग पालकांचा असावा, निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाव्यात. शाळेला आलेला पैसा कशावर खर्च झाला हे पाहणे, शाळेचा विकास आराखडा करणे, ही तिची कामे. प्रत्यक्षात काय होते? सह्यांचे रजिस्टर घरोघरी फिरते. बाई भाकरी थापता थापता पिठाच्या हाताने अंगठा उमटवते किंवा सही करते आणि सभा झाली. शिक्षक म्हणून खरे सांगतो, हे आम्हालाही सोयीचे असते. विचारणारे कोणी नको असते.

त्या मुलाच्या आईने ही सोय मोडली. तिला समितीवर घेतलेलेच होते, नावापुरते. मी क्षमा मागायला घरी गेलो तेव्हा ती म्हणाली, "सर, तुमचं ठीक आहे, पण ह्या पोरीला मी ठेवू कुठं?" मी तिला म्हटले, हे सभेत बोला. पुढच्या सभेला ती रोज बुडवून आली, कडेवर पोर. बोलताना आवाज कापत होता. म्हणाली, अंगणवाडीत तीन वर्षांखालचं पोर बसवून घेत नाहीत, त्याला घरपोच आहाराचं पाकीट देतात. पाकीट पोर सांभाळतं का? मोठ्या पोराची शाळा बुडते, आणि ह्या घरात तेच, त्या घरात तेच, मोजा किती पोरं आहेत. मोजली तर अकरा निघाली. अकरापैकी आठ मुली होत्या. गैरहजेरीचे रजिस्टर माझ्या हातात वर्षभर होते, ही बेरीज मला कधी सुचली नव्हती.

ग्रामसभेत ठराव गेला, पाळणाघर मिळावे म्हणून. तालुक्यातून अजून उत्तर नाही. दरम्यान कोणीतरी म्हणाले, आपला विहार दिवसभर कुलपात असतो. प्रथम काहीजणांनी नाक मुरडले, विहारात लेकरे मुततील, मूर्तीपुढे घाण होईल. एक म्हातारी उपासिका म्हणाली, राहुल लहानपणी मुतत नव्हता का? त्यावर कोणी बोलले नाही. आता खुरपणी आणि सुगीच्या दिवसांत दोन आजीबाई सकाळी आठ ते पाच विहारात बसतात, आयांनी दिलेल्या भाकरीत त्यांचाही घास असतो. पावसात गळते. गेल्या वर्षी एका लेकराला घटसर्दी झाल्यावर आठ दिवस बंद ठेवावे लागले. व्यवस्था कच्चीच आहे. पण त्या अकरांपैकी सात मुले आता रोज शाळेत येतात. उरलेल्या चार मुलींच्या घरी मी आणि समितीच्या दोघी जाऊन आलो. एका घरी दार उघडले नाही.

तो मुलगा आता सातवीत आहे. माझ्याशी बोलतो, मोजकेच.

रविवारी आलेल्या त्या उपासिकेचा कागद मी तिथेच भरून दिला. धर्म बौद्ध लिहिला, खाली जात लिहिली. नावाच्या रकान्यात मुलीच्या नावानंतर तिने स्वतःचे नाव सांगितले, मग नवऱ्याचे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बालकांसाठी सरकारी कागदांवर राज्याने हा क्रम ठरविला आहे. तिची मुलगी त्याआधीची, पण नाव तसेच लावायचे तिने ठरविले होते. आणि धाकटी अजून पाळण्यात आहे, तिच्यासाठी लेक लाडकी योजनेचा अर्ज करायचा आहे. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या आणि पिवळे वा केशरी रेशनकार्ड असलेल्या घरच्या मुलीला जन्मानंतर पाच हजार रुपये, पुढे पहिली, सहावी आणि अकरावीला टप्प्याटप्प्याने, आणि अठरा पूर्ण झाल्यावर पंचाहत्तर हजार. अंगणवाडीताईंकडे अर्ज मिळतो.

येत्या रविवारी वंदनेनंतर मी आणि आमच्या शाळेतील दोन शिक्षक विहारातच थांबणार आहोत. ज्यांच्या घरात शाळेत जाणारे किंवा शाळा सुटलेले मूल आहे त्यांनी जन्मदाखला, रेशनकार्ड, आधार आणि आजोबा-पणजोबांचा एखादा जुना कागद असल्यास तो घेऊन यावे. कागद नसला तरी या. दहावीपुढे शिकणाऱ्यांनी शिष्यवृत्ती आणि वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजनेविषयी विचारावे. आणि शाळा व्यवस्थापन समितीची सभा या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी साडेआठला शाळेतच आहे. रजिस्टर घरी येणार नाही.

जयभीम.